जिभेसारखं पान

लोंढ्याला माझं इस्त्रीचं दुकान.
स्टेशनच्या पुलावरून हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ,
म्हणून पांढरे कपडे मी मागल्या खोलीत टांगते.
कोळशाची गाडी घाट चढून आली की
पोरं डबे मोजतात, मी खिडकी लावते.
अठ्ठावन्न, म्हणतो एक. एकोणसाठ, म्हणतो दुसरा.
माझा हिशेब वेगळा,
तो कॉलरीवरून बोट फिरवल्यावर कळतो.

माझा बाप लुमाण्णा, वाफेच्या इंजिनावर फायरमन.
कॅसलरॉकचा चढ एका फेरीत किती फावडी खातो
ते त्याच्या उजव्या खांद्याला पाठ होतं.
घरी यायचा तो नुसते डोळे आणि दात घेऊन.
आई उंबऱ्यातच अडवायची : आधी कोण ते सांग.

त्या कोळशावर आमच्या पाट्या आल्या,
क्वार्टरवर कौलं आली,
अर्धवट जळालेल्या खंगरावर भात शिजला.
माझ्या पाठची बहीण आडवी आली तेव्हा रात्रीचे दोन,
ओढ्याला पाणी, रस्ता बंद,
मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात घालून आईला बेळगावला नेलं.
इंजिनावर बाप होता.
म्हणतात, त्या रात्री त्यानं फावडं खाली ठेवलंच नाही.
बहीण आता साठीला आली.
कोळशाला कुणी नावं ठेवली की
ती चहा अर्धा टाकून उठते.

एकदा टेंडरात त्याला सापडला पाटीसारखा चपटा दगड,
त्याच्यावर पान.
मधे एक जाड शीर, टोकाला बोथट,
थेट जिभेसारखं.
तेवढा एक दगड त्यानं भट्टीत टाकला नाही,
चुन्याच्या डबीशेजारी कोनाड्यात ठेवला.
गवळीवाड्याच्या भागू कोकऱ्याला दाखवला,
फॉरेस्ट गार्डला दाखवला.
कुणाच्याच ओळखीचं झाड निघेना.
शेवटी हुद्दार मास्तर चष्मा वर करून म्हणाले,
लुमाण्णा, हे माणूस नव्हता तेव्हाचं. पाखरंसुद्धा नव्हती.
बापानं तंबाखू मळली, परत डबीत ठेवली.
म्हणाला,
म्हणजे मी आजवर रानच जाळालोय की.

मग डिझेल आलं. शेडला कुलूप लागलं.
इंजिनाला पाणी पाजायचा तो लोखंडी खांब,
त्याला आता शेळ्या बांधतात.
बाप खोकायला लागला तो पेन्शनीत.
डॉक्टरनं उजेडापुढे फोटो धरला :
काळ्यावर पांढरे ठिपके.
मी म्हटलं, उलटं आलंय हे,
आत काळं असायला हवं.
डॉक्टर हसला नाही.

कोळशाची गाडी गेली की बाप खिडकी उघडायला लावायचा,
मी लावलेली खिडकी.
ओढून श्वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा :
ह्याला वासच नाय. जळाल्याशिवाय वास कसला.
हा कोळसा बोटीतून येतो, समुद्रापलीकडून,
इथं थांबतही नाही,
पुढं कुठल्यातरी पोलादाच्या पोटात जातो.
आमच्या वाट्याला फक्त त्याचं जाणं.
त्याला जागा करायला रुळांशेजारी आणखी रूळ पडले.
नाणं, जांभा, किंदळ,
आधी बुंध्यांवर आकडे रंगवले,
मग आकडेच राहिले, वहीत.

मी तरी कुठली सोवळी?
माझी इस्त्री गॅसवर चालते.
अठरा दिवसांत सिलिंडर रिकामा,
एकोणिसाव्या दिवशी मीच फोन करून ओरडते.
बंद करा म्हणणाऱ्यांच्या सभेला जायचे सदरे
माझ्याकडेच येतात,
कडक घडीचे.

फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव तीन लिप्यांत.
कुठली वर, कुठली खाली, यावरून इथं माणसं भांडलीत,
मीही भांडलेय.
कोनाड्यातली जीभ कुणाच्याच बाजूनं बोलली नाही.

आठवड्यातून एकदा ती खाली काढते.
शिरांत धूळ बसलेली असते, बारीक, चमकणारी,
कुठल्या मुलखातल्या कुठल्या रानाची, देव जाणे.
कोटाच्या ब्रशनं हलक्या हातानं ती काढते,
आणि ब्रश दाराबाहेर झटकते,
वारा कुठला आहे ते बघून.