शून्य पूर्णांक चार

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर दोनशे सात.
मंगळवारी पहाटे टेम्पो लागला.
चेन्नईपासून तेराशे किलोमीटर
आणि प्रणीत तेरा शब्दसुद्धा बोलला नाही.
तुमकूरच्या पुढे "डिझेल" म्हणाला,
कराडला "आता मी चालवतो."
इर्शाद मागे, दोन बाइकच्या मध्ये,
हेल्मेट उशाला घेऊन झोपलेला.

शटर वर केलं तर आत गुरुवारचीच हवा,
ग्रीसची, शेजारच्या पावडर कोटिंगची.
कॅलेंडरवर मी स्वतःच लिहिलेलं:
टायर – ६. नंतर खोडून ४.

कारण तुर्भ्याच्या शेठचा चेक पुढच्या तारखेचा होता.
शेठ भला माणूस. मसाल्याच्या गोण्यांवर बसून
बाइकचा फोटो बोटांनी मोठा करत म्हणाला,
"हळदीचं पाकीट जरा ठळक दिसू द्या, ताई."
ठळक दिसलं.
तिसऱ्या वळणावर बाइक आडवी घसरत गेली
तेव्हा तर टीव्हीवाल्यांनी दोनदा दाखवलं.

आजोबांचं मिठागर सिडकोने घेतलं,
मिठागराच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांत, घणसोलीचा तुकडा.
तुकड्याच्या बदल्यात दोन बाइक, एक टेम्पो,
एक इंजिन, जे वामन मिस्त्री अजून "नवीन" म्हणतो.
आबा हिशेब विचारत नाहीत.
रोज संध्याकाळी चालत गाळ्यापर्यंत येतात,
टाकीवरून हात फिरवतात
आणि तळहात पँटला पुसून परत जातात.

तर रविवार.
शेवटची रेस, मागचा एकच नवा टायर,
आणि माझ्यासमोर दोन जण, ग्लोव्ह्ज काखेत धरून.
एक माझा भाऊ. त्याला मी सायकल शिकवली,
कॅरिअर धरून पळत,
कॅरिअर कधी सोडलं ते त्याला अजून माहीत नाही.
दुसरा मुंब्र्याचा, दिवसा पार्सलं पोचवणारा,
त्याच्या घरी वाटतं तो "टूरवर" गेलाय.
मी घड्याळाकडे पाहिलं.
घड्याळाला आडनाव वाचता येत नाही.
इर्शाद शून्य पूर्णांक चारने पुढे.
पापणी मिटायलाही साधारण तेवढंच लागतं.

वामन मिस्त्रीने टायर उचलला
आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाला?"
सगळं ऐकू येत असूनही
मी त्याला पुन्हा विचारायला लावलं.

इर्शाद चौथा आला.
चौथ्याला कप नसतो, पाठीवर थाप असते.
प्रणीत अकरावा, झिजलेल्या रबरावर,
एकदाही न पडता.
पडला असता तर भांडता तरी आलं असतं.

घरी आई दारातच:
"पोराला काय लागला-बिगला तं नाय ना?"
नाही, म्हटलं. हातपाय शाबूत आहेत.
तिने माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं.

रात्री साडेदहाला गाळ्यात दिवा दिसला.
प्रणीत एकटा, खाली बसून,
इर्शादच्या बाइकचं मागचं चाक फिरवत होता,
टायरच्या कडेवर अंगठा चालवत,
जिथे रबर वितळून बारीक गोळ्या धरतं.
"ह्याने पूर्ण वापरला नाही," म्हणाला.
"डावीकडे अजून दोन बोटं कोरा आहे.
उजवीकडे झुकतो नीट. डावीकडे घाबरतो."
मी काही बोलले नाही.
"मी सांगतो त्याला," म्हणाला.
मग, चाक थांबल्यावर:
"मला दिला असता, तर सगळा वापरला असता."

पिट बोर्ड भिंतीला टेकवलेला होता, रविवारचे आकडे तसेच.
त्याने रॉकेलचा बोळा घेतला, पुसत गेला.
P गेला, ११ गेला.
शेवटचा एक आकडा उन्हाने पत्र्यात शिजलेला,
तो काही निघेना.
"राहू दे," मी म्हटलं.
तो पुसतच राहिला.
मी दुसरा बोळा शोधायला उठले.