फटका मारून झाल्यावर

फोन उभा केला चिऱ्यावर,
मागे चपलेचा टेकू.
ऊन अजून माडांच्या पलीकडेच,
वेंगुर्ल्याच्या कॅम्पातलं जुनं कोर्ट, तांबडी माती दवानं बसलेली,
तिच्यावर कोणाच्या तरी कुत्र्याची पावलं.

तेवीस मिनिटं खेळलो, मी आणि इनास.
तो एकसष्टचा, गुडघ्याला पट्टा.
मी एक्केचाळीसची, आणि हरले.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बघितलं.
दिवसभर मी काजूगर निवडते:
अख्खा, पाकळी, तुकडा, करपलेला.
एका नजरेत खोट धरायची सवय आहे डोळ्याला,
तरी पहिल्यांदा बघताना
पोट किती दिसतंय, एवढंच बघितलं.

मग वेग पाव केला.
फोरहँड चांगला. खरंच चांगला.
चेंडू जाळीवरून जातो, पलीकडे टप्पा घेतो,
आणि मी तिथंच, रॅकेट खांद्यावर,
फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यासारखी.
इनास दोन पावलं टाकतो, हात मागे नेतो,
मी अजून माझ्याच फटक्याकडे बघतेय.
चेंडू मोकळ्या कोपऱ्यात शिरतो
तेव्हा कुठे मला पाय असल्याचं आठवतं.

अंगठ्यानं मागे ओढलं. पुन्हा. अकरा वेळा.
अकराही वेळा तीच बाई.

शेजारून सुगंधा डोकावली,
"बरा मारतंस गो."
मारते बरं, म्हटलं. मग थांबते.

तिला नाही सांगितलं
की परवा भावाला फोनवर जे बोलले
ते बोलून झाल्यावरही अशीच उभी होते,
वाक्य कुठं जाऊन लागतंय ते बघत.
त्याचं उत्तर आलं तेव्हा मी पार कडेला.

संध्याकाळी किनाऱ्यावर इनासला दाखवलं.
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला,
फोन हातभर लांब धरला.
"फटको मारून झालो म्हणजे काम संपला नाय."
आणि ओल्या वाळूकडे बोट केलं.
एक कुर्ली बिळाकडे निघालेली,
आडवी, भराभर,
डोळे आमच्यावर,
पाठ कुणालाच नाही.
"हिका बघ."
मग भजी खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरा, पुन्हा चप्पल.
मारला, आणि चेंडू कुठे पडला ते न बघता
आडव्या पावलांनी मधे आले.
मधे येऊन काय करायचं ते सुचेना,
एक छोटी उडी मारली, उगाच,
आणि इनासचा फटका समोरच आला, हाताशी.

हरलेच. सहा-चार.

दुपारी बघते तर
फोन पहिल्याच मिनिटाला उताणा पडलेला.
सगळा व्हिडिओ आभाळाचा:
माडाची एक झावळी,
एक घार येते, जाते, बराच वेळ येत नाही.
फक्त आवाज आहे.
ठप्प.
आणि मग, कालच्या व्हिडिओत जिथे काहीच नव्हतं तिथे,
मातीवर खस् खस् खस्.

सुगंधाला कानाशी धरून ऐकवलं.
"ह्यां काय, उंदीर?"
म्हटलं, मी.