गेरिन

रेशन कार्डावर घेरीन,
विजेच्या बिलावर गिरीन.
पाचवीत हजेरी घेताना पाटणकर बाई
एकदा सरळ 'गौरी एन.' म्हणाल्या
आणि मी उभी राहून हजर झाले.

पप्पा अजनीच्या शेडमध्ये फिटर.
कोणी विचारलं, "तुमचं गाव कोणतं जी?"
तर सांगायचे, कामठी.
"अन् त्याच्या आधी?"
"आधीबी कामठीच."

आयव्ही आत्याला हे पटायचं नाही.
आपण मूळचे फ्रेंच, ती म्हणायची, रेशीम विणणारे.
राजानं फर्मान फिरवलं, धर्म सोडा म्हटलं,
तर माग तसाच उभा ठेवून रात्रीतून निघालेले,
बायबल पावाच्या पोटात भाजून.
समुद्र, मग आयर्लंड, मग पलटण, मग कन्हान नदी.
हे सगळं ती ज्वारीची भाकरी थापता थापता सांगायची
आणि समुद्र आला की
हात थांबवायची.

कामठीच्या गोऱ्या कबरस्तानात एक दगड आहे.
बाभळीखाली, मे महिन्यात चटके बसतील असा.
मायकल गेरिन, बिगूलवाला, लिमरिकचा, वय बावीस, पटकीनं गेला.
तीन महिन्यांचं पोर मागे ठेवून गेला,
हे दगडावर नाही.
ते आम्ही आहोत.

मी लिमरिकला पत्र घातलं.
नुआला नावाच्या बाईंचं उत्तर आलं,
कूलरच्या घरघरीत मी ते मोठ्यानं वाचलं:
फ्रेंच असू शकता. पोर्टारलिंग्टनला तशी घरं होती.
किंवा नाव जुनं आयरिशच असेल,
कुण्या इंग्रज कारकुनानं कानावर आलं तसं लिहून घेतलेलं.
खात्रीनं सांगता येत नाही.
बावीस सालच्या लढाईत डब्लिनचं दफ्तर जळालं,
कागदांचे जळके तुकडे शहरावरून उडत होते म्हणतात.
आणखी एक. तुमचा मायकल
बाप्तिस्म्याच्या वहीत कॅथलिक आहे.

आत्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "असं कसं?
ज्यांच्यापासून पळालो
त्यांच्याच देवळात जाऊन बसलो?"
पप्पा म्हणाले, "बायको तिथली मिळाली असेल."

खेमराज, माझा नवरा, गोळीबार चौकाचा, हेडाऊ.
त्यानं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली.
त्याची स्वतःची फाईल कपाटावर आहे, लाल नाडीची.
त्यात पन्नासच्या आधीचा एक कागद पाहिजे,
आजोबांच्या शाळेतला.
एका वहीत कोष्टी लिहिलंय, एकीत हलबा,
तिसरीचं पानच नाही.
नऊ वर्षं तारीख पडते.
तो म्हणाला, "तुमचं तं जळलं, आमचं उधईनं खाल्लं.
पण तुमाले त्याच्यापायी
कोनी नोकरीवरून नाई काढत."
आवाज चढवला नाही. पाणी प्यायला उठला.

मी नुआलाबाईंना परत लिहायला बसले होते,
दुसऱ्या स्पेलिंगांनी शोधा म्हणून.
यादी लांबत गेली.
गौरी एन. मी त्यात घातलं नाही.

दिवाळीत आत्या सासरी आली.
पुढच्या खोलीत मागाचा खड्डा होता तिथं आता सिमेंट आहे,
थोडं खचलेलं.
घरातली माणसं अजून तेवढ्या जागेला वळसा घालून जातात.
आत्या नेमकी तिथंच खुर्ची ओढून बसली
आणि फ्रान्सपासून सुरू झाली.

सासऱ्यांनी सगळं ऐकलं.
समुद्रापाशीही ते हूं म्हणाले.
मग तंबाखू मळणं थांबवून,
मान थोडी तिरकी करून विचारलं,
"रेशीम विनत होते म्हनता.
पन्हा किती हाताचा?
अन् काठ मागावर एकटा मानूस फेके,
का पोरगं बसवा लागे बाजूले?"

आत्यानं पप्पांकडं पाहिलं.
पप्पांनी माझ्याकडं.