शेऱ्याचा रकाना

भोसरीत, ज्या गल्लीत एक जण स्प्रिंगा वळतो
आणि समोरचा जुने नट रॉकेलात भिजत घालतो,
तिथे आमचा कोकणातला झरा आहे.
म्हणजे झरा नाही, टाकी. पत्र्याची.
आत चोवीस किलोवॉटचे हीटर.
वीज जाळून पाणी सत्तरवर नेतो आम्ही
आणि त्या पाण्यातून वीज निघते का ते बघतो.
बिल मंजूर करताना कुंटेबाईंनी
चष्म्यावरून एकदाच पाहिलं माझ्याकडे.

सत्तर अंश.
शंभराची मिजास असलेली वाफ
या पाण्याकडे ढुंकून बघत नाही.
म्हणून दोन यंत्रं, शेजारी शेजारी.
एकात पेंटेन, भलतंच उतावळं,
एप्रिलात बूच काढलं तर सावलीतच उकळेल.
दुसऱ्यात अमोनिया आणि पाणी, एका संसारात.
पेंटेन एका अंशावर ठाण मांडतं, तिथेच उकळतं.
हे मिश्रण मात्र चढत राहतं,
निवत उतरणाऱ्या पाण्याला धरून धरून.

मध्ये नखाएवढा जाड पत्रा.
एका अंगाने ऊन उतरतं, दुसऱ्या अंगाने हे चढतं,
भेट नाही.
सगळ्यात जवळ येतात तिथे पाच अंश उरतात.
त्या जागेला आम्ही चिमटा म्हणतो.
दस्तगीर म्हणाला, नाव बरोबर आहे मॅडम,
पैसे तिथेच जातात.

जानेवारीत पहाटे साडेचारला आलो होतो.
बाहेर नऊ अंश, पंख्याच्या जाळीवर दव,
आणि काटा आपसूक वर.
पाणी तेच, सत्तरच.
सगळे विचारतात, ऊन किती आहे?
गार किती आहे, हे कुणी विचारत नाही.
एप्रिलच्या दुपारी तेच यंत्र
भरल्या पोटी बसलेल्या माणसासारखं.

पंपाचं खाणं वजा जाता:
पेंटेन, चार पूर्णांक तीन टक्के.
अमोनिया, चार पूर्णांक आठ.
अर्धा टक्का. कुंटेबाई म्हणाल्या, मग झालंच की.

अकरा फेब्रुवारीला ग्लँड सुटली होती.
ओलं फडकं तोंडाला बांधून
दस्तगीर व्हॉल्व्हपर्यंत गेला.
स्प्रिंगवाले काळोखे नाक्यापर्यंत पळाले,
शिव्या मात्र पूर्ण वेळ चालू.
मग तीन दिवस मोशीच्या खोलीत
डोळ्यांत थेंब घालून पडला होता,
मुलगी पेपर वाचून दाखवायची,
राशिभविष्य गाळून.

पेंटेनही काही साधं नाही.
त्याच्यापायी खंडेनवमीची पूजा
आम्ही बिनउदबत्तीची केली.

तक्त्यात दाब आहे, प्रवाह आहे, टक्के आहेत.
शेवटी शेऱ्याचा रकाना, रुंदी दोन सेंटिमीटर.
कोणतं घ्यायचं, बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, कुठल्या महिन्यासाठी?
त्यांना हे उत्तर वाटलं नाही.

आज दुपारी हीटर बंद केले.
झरा निवत गेला. साठ. अठ्ठावन्न.
दोन्ही यंत्रं फिरत होती, जरा धापा टाकत.
आधी कोण थांबलं ते मी लिहिलं नाही,
मी खिडकीतून काळोख्यांची नवी लेथ उतरताना बघत होते.
दस्तगीरने लिहिलं, बॉलपेनने, तळहातावर,
आणि जेवायच्या आधी
साबण लावून हात धुतले.