चहा धरला नाही

अंबडच्या भंगारातला ट्रान्सफॉर्मर,
रविवार कारंजावरचे चार ट्रान्झिस्टर,
फरसाणाचा रिकामा डबा.
खर्च नऊशे साठ. चहा धरला नाही.

पहिल्या रात्री नुसता घुमत राहिला.
सगळ्या अर्थ एकाच स्क्रूला बांधल्या
तेव्हा गप्प झाला, इतका
की ट्यूबलाइटमागची पाल ऐकू आली.

स्कोपवरची लाट
शून्य ओलांडताना अडखळायची.
बायस जरा वाढवला. बोट पोळलं.

डिस्टॉर्शन : शून्य पूर्णांक शून्य शून्य आठ.
तरी झोप येईना.

सकाळी तांबट आळीतून मोरेश्वरकाकांना आणलं,
त्यांच्याच हातोडीचं रेकॉर्डिंग लावलं.
बराच वेळ डोळे मिटून.
मग म्हणाले,
"थांब. हा ठोका चुकला होता माझा,
हंड्याच्या गळ्याशी."

मी आवाज कमी करायला गेलो.
"राहू दे," म्हणाले.