उकिडवं

कुणी ढकललं नव्हतं.
ढोकीच्या शाळेमागं, दुसऱ्या खांबाजवळ
मी डावीकडं हूल दिली,
पाय मातीत राहिला आणि मी एकटीच वळले.
टप्प.
वाळली तुरकाठी मोडावी एवढाच आवाज.
पडल्यावर मग त्या पोरीनं हात लावला,
पंचांनी शिट्टी वाजवली, मी बाद.

लातूरचे डॉक्टर कागदावर काढून दाखवत होते:
तुटलेली शिवता येत नाही.
मांडीमागची शीर काढू, दुमडू,
हाडाला भोक पाडून ओवू.
आबा खुर्चीत पुढं सरकले.
जन्मभर केकताडाची दावी-कासरे वळलेला माणूस.
"किती पदरी?"
डॉक्टर म्हणाले, चार.
आबांनी मान हलवली,
एका कारागिरानं दुसऱ्यापुढं हलवावी तशी.

मग पाय नावाचं परकं लाकूड घरी आलं.
मांडीला म्हणायचं, आवळ.
मांडी दुसऱ्याच कुणाची तरी.
आईनं प्लास्टिकच्या खुर्चीला तापल्या विळ्यानं भोक पाडलं,
संडासात नेऊन ठेवली,
त्यावर घरात कुणी अक्षर बोललं नाही.
टाचेखाली चादरीची घडी, गुडघा खाली सोडायचा.
शेवटची दोन बोटं फट मिटायला
पंधरा दिवस गेले.
घोट्याला सव्वा किलो ज्वारी बांधलेली;
उन्हाळ्यात तिला पोरकिडे लागले
तर आईनं हरभरे भरले.
भिंतीशी डोळे मिटून एका पायावर उभी राहिले की
शेजारची दैवशालाकाकू विचारायची,
"काय करलालीस गं? नवस हाय का?"

निखत मॅडम टेप लावायच्या.
उजवी बेचाळीस, डावी अडतीस.
चार सेंटिमीटर.
एवढ्याशात माझी सगळी धाव मावत होती तर.

तिसऱ्या महिन्यात दुखायचं थांबलं.
फाट्यावर बस सुटत होती, मी पळाले
आणि वर मॅडमना हसत सांगितलं.
त्या हसल्या नाहीत.
"आत्ताच ती सगळ्यात कच्ची असते.
दुखत नाही म्हणून फसशील."
घरी आबांना सांगितलं तर म्हणाले,
"व्हय की. केकताड डोहात दाबलं की आधी सडतंय.
वासानं माणूस जवळ थांबत नाही.
पर सडल्याबिगर धागा सुटत नसतो."
त्या रात्री मी गुडघा हुंगून पाहिला.
तेलाचा वास होता.

नवव्या महिन्यात चुन्याची रेघ मारून
एका पायावर उड्या.
डावा शंभरातले एक्क्याण्णव.
मॅडमनी सही केली.
कागदावर उडी होती, धाव होती, वळण होतं,
बसणं कुठं नव्हतं.
आमचा खेळ तर बसण्यापासून सुरू होतो.
त्या भोकाच्या खुर्चीवरून उठून
चौकटीला धरून मी रोज थोडी खाली जायचे,
टाच उचलली की परत वर.
एका सकाळी टाच उचललीच नाही.
कुणाला सांगावं अशी ती गोष्टही नव्हती.

गाढवे सरांनी पाचवी चौकट दाखवली.
बसले. उकिडवी.
आत काहीतरी ताणलं,
भरल्या बादलीनं पोहरा तोलावा तसं.
आम्रपाली आता माझ्या जागी खेळते,
तिची पावलं मागून येत होती.
पूर्वी मी कधी वाट पाहत नव्हते,
हात पडायच्या आत उठलेली असायचे.

खो!

कुठला पाय आधी निघाला, माहीत नाही.
समोरची पोर खांबाला वळली,
मी तिथं तीन पावलं घेतली,
जिथं मला एक पुरायचं.
ती निसटली.
सर काही ओरडले, ऐकू आलं नाही.
पुढच्या पाठीवर थाप मारली,
तिच्या जागी बसले.
पुन्हा उकिडवी.
गुडघा गरम होता, धाप लागलेली.
खालची माती डाव्या टाचेनं
जरा उकरून पाहिली.