सत्तरच्या वेगाला

बाई आल्या तेव्हा मी ट्रॅक्टरच्या सीटला रेक्झिन ताणत होतो.
गाडी लाल, परदेशी, टप उघडा,
नंबर मात्र आपलाच, एमएच पंधरा,
सातपूरच्या आमच्या गल्लीत वळेना.
शेजारी त्यांचे मिस्टर, मफलर गुंडाळलेले,
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
ठेवलेलाच.

वारा कमी करून पाहिजे, म्हणाल्या.
मी म्हटलं, टप लावा की.
हसल्या नाहीत.
टप लावला की हे बोलत नाहीत.
उघडा असला की एखादा शब्द येतो,
आणि तेव्हा मला ऐकू येत नाही.
कानातलं मशीन काढून तळहातावर धरलं, शेंगदाण्याएवढं:
यात नुसता वारा शिरतो.

मला वाटलं, सोपं आहे. वारा समोरून येतो,
काच चार बोटं वाढवू, झालं.
झुंबर म्हणाला, आधी बघू तरी.
त्यानं स्वतःचा नारिंगी स्वेटर उसवला,
वीत-वीत धागे चिकटवले
आरशाला, हँडब्रेकला, सीटच्या उशीला,
आणि त्र्यंबक रोडला गाडी काढली.

चाळीसला धागे लोळत होते.
साठला उठले,
आणि सगळेच्या सगळे पुढे, काचेकडे तोंड करून उभे.
झुंबर ओरडला, उस्ताद, उलटं आहे!
मी आधी गिअर बघितला.

तर असं असतं:
वारा काचेवरून उडी मारतो,
आपल्याला न शिवता डोक्यावरून निघून जातो,
मग डिकीपाशी पोकळी दिसते, तिच्यात पडतो
आणि परत फिरतो,
दोन सीटांच्या फटीतून, मानेवरून, कानाखालून,
मागच्या दारानं, घरचा असल्यासारखा.
तीस वर्षं सीटा शिवतोय.
बसणाऱ्याच्या मानेमागं काय चालतं
ते कधी बघितलं नव्हतं.

आधी ॲक्रिलिकची फळी बसवली.
वारा अडला, पण रागावला.
कडेनं शिट्टी, आणि सत्तरला कानात धम धम धम.
साहेबांनी डावा हात कानावर नेला.
तेवढं पुरे होतं.
(फळी आता आमच्या देवघरापुढे आहे. दिवा विझत नाही.)

मग मेव्हण्याकडून शेडनेट आणलं,
दिंडोरीच्या द्राक्षांवरचं, पन्नास टक्क्यांचं,
उन्हानं विटलेलं.
अर्ध्या इंचाची पाइप वाकवली, उशीच्या उंचीइतकी,
तिच्यावर जाळी ताणली,
कडेला काळी पायपिंग, दुहेरी टाका.
मधल्या फटीत फोम.
जाळी वाऱ्याला नाही म्हणत नाही,
फक्त चाळते.
पीळ घालून आलेला मागं राहतो,
सरळ असेल तेवढा येतो.

बाई, सगळा नाही जाणार, मी आधीच सांगितलं.
उघड्या गाडीत थोडा राहणारच.
थोडा राहू दे, म्हणाल्या.

जानेवारी, सकाळचे सात, बोटं वळत नव्हती.
ते दोघं पुढे,
मी आणि झुंबर मोटरसायकलवर मागे,
रस्त्यावरचा सगळा वारा आमच्याच कानात.
महिरावणी गेली.
जाळीतून दोन डोकी दिसत होती,
धुक्यातल्यासारखी.
सत्तर तरी असेल.
तेवढ्यात बाईंची मान डावीकडे वळली, 
आणि ब्रेकचे दिवे लागले, एकदम,
आम्ही धडकता धडकता वाचलो.

कडेला एक माणूस पाटी घेऊन बसला होता.
बाईंनी दोन किलो घेतले,
एक चिरून, तिखट-मीठ लावून मला दिला.
आत गुलाबी निघाला.

काय म्हणाले साहेब?
पेरू, म्हणाले.
मशीन नीट बसवलं कानात,
आणि परत म्हणाल्या, त्यांच्याच आवाजात,
पहिलं अक्षर जरा ओढून:
पेरू.